तारकर्लीला पाच रात्री मुक्काम: दमवणार नाहीत अशा छोट्या सहली सुचवा

रेवती_ठाणे:
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत तारकर्लीला जातोय. रिसॉर्टचं आरक्षण झालंय, कुडाळपर्यंत रेल्वेची तिकिटंही मिळालीयत, म्हणजे स्वतःची गाडी सोबत नाही. माणसं सात: सासू-सासरे (दोघं सत्तरीच्या पुढचे, सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात आणि त्या पक्क्या शाकाहारी), आम्ही दोघं, नणंद, आणि नऊ आणि चार वर्षांची दोन कार्टी.

चौकशी केल्यावर एकांनी 'साइटसीइंग पॅकेज' पाठवलं. डॉल्फिन, सुनामी बेट, स्कूबा (पाण्याखालची डुबकी), सिंधुदुर्ग किल्ला, रॉक गार्डन, जय गणेश मंदिर, सगळं एका दिवसात, सकाळी सात ते संध्याकाळी सात. ते वाचून सासरे म्हणाले, "मी खोलीवर थांबतो, तुम्ही या जाऊन."

मला हवंय ते असं. नाश्ता करून निघायचं, एक ठिकाण नीट बघायचं, जेवायला परत यायचं किंवा वाटेत जेवायचं, मग झोप, आणि उन्हं उतरली की पुन्हा समुद्र. दिवसाला एक, फार तर दीड ठिकाण. मधे एखादा दिवस कुठेच नाही. काय ठेवू, काय गाळू?

भटक्या_सह्याद्री:
चार पूर्ण दिवस हातात आहेत, अख्खा जिल्हा होईल की! पहिला दिवस सिंधुदुर्ग, स्कूबा, सुनामी. दुसरा आचरा, कुणकेश्वर, देवगड, विजयदुर्ग. तिसरा वेंगुर्ले, आरवली, शिरोडा, रेडी, तेरेखोल. चौथा सावंतवाडी आणि आंबोली. पहाटे पाचला गाडीत बसलात तर आरामात होतं सगळं.

निवांतराव:
'पहाटे पाचला' आणि 'आरामात' एकाच वाक्यात. दंडवत घ्या.

काजूगर:
भटक्या, त्यांच्याकडे गुडघे आहेत. तुझ्याकडे स्टेअरिंग आहे.

सोलकढी:
रेवती, सिंधुदुर्ग गाळू नकोस, पण त्याला एक सकाळ एकट्यालाच दे. मालवणच्या जेटीवरून होड्या सुटतात, त्यातली अगदी सकाळची पकड. उशीर केलास की शाळांच्या सहली येतात आणि आत सावली अशी फारशी नाही.

होडीचा प्रवास जेमतेम. अवघड आहे ते चढणं-उतरणं. होडी वरखाली होत असते आणि पाय कधी टाकायचा ते खलाशी सांगतो. तो 'टाका' म्हणाला की टाकायचा. त्याच्या आधी नाही, आणि 'टाकू का?' असं विचारत बसायचं तर मुळीच नाही, तोवर होडी पुन्हा खाली गेलेली असते. सासूबाईंचे दोन्ही हात मोकळे हवेत. पर्स, पाण्याची बाटली, नातवाची टोपी, सगळं दुसऱ्या कुणाकडे दे.

आत गेल्यावर अख्खी तटबंदी फिरायच्या फंदात पडू नका. मुख्य दरवाजा बुरुजांच्या आड असा लपवलाय की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. मुलांना होडीतूनच विचारायचं, "दरवाजा कुठाय सांगा बघू." मग शिवराजेश्वराचं देऊळ, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा. बास. होडीवाले थांबायला साधारण तासभर देतात, तो एवढ्याला पुरतो. १६६४ ते १६६७ एवढ्या काळात भर समुद्रात हे उभं राहिलं, पायाचे दगड बसवताना शिसं ओतलं, हे थोरल्याला सांग. "शिसं वितळवलं कसं?" इथून जे प्रश्न सुरू होतील ते थेट जेवणापर्यंत.

खेकडा:
भर घाला: शिवराजेश्वराचं देऊळ राजाराम महाराजांच्या काळातलं. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात. त्यांच्या अंगणातून फिरताना आवाज जरा कमी ठेवावा, एवढी विनंती सगळ्यांनाच.

पद्मजा:
वाहनाबद्दल कुणी बोललं नाही अजून. सात माणसांसाठी मोठी गाडी रोज दारात उभी करू नका. तारकर्ली ते मालवण सात-आठ किलोमीटरचंच आहे, त्याला दोन रिक्षा पुरतात. एकीत आजी-आजोबा, एकीत तुम्ही. कुणी दमलं तर एक रिक्षा परत येऊ शकते, बाकीच्यांची सहल मोडत नाही. एकच गाडी असली की सगळ्यांत आधी दमणाऱ्याच्या तालावर बाकीचे चालतात, आणि तो बिचारा कानकोंडा होऊन 'मी ठीक आहे' म्हणत राहतो.

लांबच्या दिवसापुरती मोठी गाडी करा. दर किलोमीटरवर की दिवसाच्या बोलीवर, चालकाचं जेवण कुणाकडे, थांबण्याचे वेगळे पैसे आहेत का, हे बसण्याआधी बोलून घ्या.

रेवती_ठाणे:
पद्मजाताई, दोन रिक्षांची कल्पना नवऱ्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, "मी आजोबांच्या रिक्षात."

मालवणी_झील:
अगो बाय, सगळे गाव सांगतत, भरती-ओहोटी कोण सांगीत नाय! तारकर्लीक रवतलास ना? मगे पंचांग घेऊन बस.

आता शहरी भाषेत सांगतो. आमच्याकडे जुनी माणसं घड्याळ बघत नाहीत. तिथीला पाऊणपट करायचं, आलेला आकडा म्हणजे भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि मधे बाराच्या पुढे पूर्ण ओहोटी. शुक्ल असो की वद्य, हिशोब तोच. थोडं इकडेतिकडे होतं, पण सहल आखायला चालतं.

सुनामी बेट म्हणतात तो कर्ली खाडीच्या मुखातला वाळूचा पट्टा आहे. ओहोटीला उघडा पडतो, भरतीला पोरांना उभं करायला जागा राहत नाही. पॅकेजवाला तुम्हाला त्याच्या सोयीने नेतो, समुद्राच्या नाही. तुमच्या दिवसांत तिथ्या कुठल्या येतायत ते सांग.

रेवती_ठाणे:
कालनिर्णय काढून बसलेय. पूर्ण दिवस मोजले तर शुक्ल अष्टमी ते एकादशी.

गणकयंत्र:
मी करतो, मला असली कामं आवडतात.
अष्टमी: भरती ६, ओहोटी सव्वाबाराच्या आसपास.
नवमी: पावणेसात, ओहोटी १.
दशमी: साडेसात, ओहोटी पावणेदोन.
एकादशी: सव्वाआठ, ओहोटी अडीच.
म्हणजे बेटावर जायचं तर अष्टमीला दहा-साडेदहाला निघून बाराच्या आत परत. दिवस पुढे जातील तशी ओहोटी भर उन्हात सरकते.

मालवणी_झील:
गणित बरोबर, पण अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. त्यामुळे पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात उघडा पडतो तेवढा पट्टा दिसणार नाही. पण म्हाताऱ्या माणसांना होडीत बसवायला हे दिवस बरे, पाण्याला ओढ कमी. आणि दशमी-एकादशीला सकाळी आठच्या सुमारास खाडी भरलेली असते. तेव्हा देवबागच्या संगमाकडून होडी खाडीत आत वळवायला सांगा. दोन्ही काठांना माड, मधे संथ पाणी. समुद्राकडचा कलकलाट तिथे नाही. डॉल्फिन दिसले तर दिसले, त्यांच्यामागे होडी पळवायला सांगू नका.

निवांतराव:
एवढ्या वर्षांत पंचांगाचा पहिल्यांदा उपयोग झालेला बघतोय.

सह्यकडा:
मी नकाशा बघत होतो. देवबागच्या टोकावरून पलीकडे भोगवे दिसतं. अगदी समोर. मग गाडीने भोगवे, निवती, खवणे करून जेवायला परत येता येईल ना? दोन किलोमीटरही नाही अंतर.

खेकडा:
पूल कुठाय?

सह्यकडा:
अरेच्चा.

सोलकढी:
नकाशातलं कोकण आणि चाकाखालचं कोकण वेगळं. देवबागहून गाडीने भोगव्याला जायचं तर उलटं मालवणकडे यायचं, चौके, धामापूर करत नेरूरपारच्या पुलावरून कर्ली ओलांडायची, मग परुळ्यावरून पुन्हा समुद्राकडे उतरायचं. तास-सव्वा तास कुठेच गेला नाही. होडीने मात्र पलीकडे झटकन पोचता. भोगव्याला होडीने जा, वाळूवर बसा, परत या. गाडीने जायचंच असेल तर परुळं आणि निवतीचा किल्ला धरून तो वेगळा दिवस करा. परुळ्याला आदिनारायणाचं देऊळ आहे, सूर्याचं. आपल्याकडे सूर्याची देवळं मोजकीच, त्यामुळे सासूबाईंना आवडेल. निवतीच्या किल्ल्यावर त्यांना चढवू नका, त्यांनी देवळातच बसावं.

आंबोळी_घावणे:
शाकाहारी सासूबाईंचं जेवण काय ठरलं? मालवणात उपाशी राहतील असं समजू नका. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या, घावणे आणि नारळाची चटणी, सोलकढी. फेब्रुवारीत ओले काजूगर बाजारात यायला लागतात, त्यांची उसळ मिळाली तर बाकीचे मासे बाजूला ठेवतील. फणसाच्या कोवळ्या कुयरीची भाजीही याच दिवसांतली. फक्त हे खानावळीच्या फलकावर लिहिलेलं नसतं. आदल्या संध्याकाळी घरगुती खानावळीत सांगून ठेवायचं, "उद्या दोन शाकाहारी, काजूची उसळ जमेल का?" आयत्या वेळी गेलात तर पनीर समोर येतं.

काजूगर:
माझं नाव निघालं म्हणून हजेरी.

पुणे३०:
मासे स्वस्त कुठे मिळतील तेही सांगा. मागच्या वेळी सुरमईच्या एका ताटाचे जे पैसे घेतले त्यात पुण्यात आठवडा निघतो.

आंबोळी_घावणे:
सुरमई सोडा, म्हणजे स्वस्त मिळेल. बांगडे, पेडवे, तिसऱ्या, लेपे मागवा. जिल्ह्यातली माणसं रोज काय खातात ते बघा जरा. पाहुणे आले की सगळ्यांना सुरमई आणि पापलेटच हवं असतं, मग भाव चढणारच.

मालवणी_झील:
माशांवरून आठवलं. संध्याकाळी मालवणच्या बंदरावर लिलाव असतो. फुकट करमणूक. होडीतून टोपल्या उतरतात, ढीग लागतात, आणि बोली इतकी भराभर चढते की समोर उभं राहूनही मासा कुणाला गेला ते कळत नाही. चिमुरड्याला खांद्यावर घ्या, खाली सगळं निसरडं असतं. आजोबांना खुर्ची मिळेल, मागा.

पद्मजा:
माझं उलटं मत मांडते. चार वर्षांचं पोर समुद्राजवळ आहे, आजी-आजोबा वाळूत खुर्ची टाकून बसलेत, आणि तुम्ही सगळ्यांना उठवून गाडीत कोंबणार? कशाला? आम्ही गेलो तेव्हा एका सकाळी रापण लागली होती. किनाऱ्यावर दोन टोकांना दोर, मधे अर्धवर्तुळात टाकलेलं भलंमोठं जाळं, आणि दोन्हीकडे ओळीने माणसं मागे रेलून दोर ओढतायत. "हात लावू का?" म्हटलं तर एका आजींनी हसून दोराचा शेवट मुलाच्या हातात दिला. ओला, खरखरीत, हाताला टोचणारा काथ्याचा दोर. अर्धा तास पोरगं तोंडातून शब्द न काढता ओढत होतं. जाळं वाळूवर आल्यावर आत चांदीसारखं काहीतरी उसळलं, आणि वरती घारी आणि कावळे. शेवटी त्याला दोन बांगडे 'वाटा' म्हणून मिळाले. अजून तो शाळेत सांगतो, मी मासेमारी करायचो.

हे कुठल्याही पॅकेजमध्ये नाही. पहाटे लवकर उठून किनाऱ्यावर चालत जायचं. लागली तर लागली.

भटक्या_सह्याद्री:
पटलं थोडंफार. पण विजयदुर्ग तरी? हेलियमचा शोध तिथे लागला! मुलांना दाखवायला हवं.

खेकडा:
आलं का ते हेलियम. मी वाटच बघत होतो.

गणकयंत्र:
भटक्या, मित्रा, तिथे नाही लागला. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसलं हे खरं. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जानसेन तेव्हा गुंटूरला होता. वर्णपटात पिवळी रेघ दिसली ती त्या सगळ्या निरीक्षणांतून. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर मात्र त्या ग्रहणाला भारतात आलाच नव्हता. त्याने ऑक्टोबर १८६८ मध्ये इंग्लंडमध्ये बसून, ग्रहणाशिवायच, तीच रेघ पाहिली, आणि हेलियम हे नाव त्या प्रकरणातून आलं.

भटक्या_सह्याद्री:
मग विजयदुर्गावरचे 'साहेबाचे कट्टे', दुर्बिणी ठेवायचे चौथरे, काय उगाच बांधले?

गणकयंत्र:
उगाच नाही. लॉकियर विजयदुर्गला आला होता, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, म्हणजे तीस वर्षांनी. त्याच्या मोहिमेची निरीक्षणं छापलेली आहेत. दोन ग्रहणं एकमेकांत मिसळून गोष्ट तयार झाली.

निवांतराव:
आणि तीस वर्षांच्या घोळासाठी तुम्ही सासूबाईंचे गुडघे एका बाजूला अडीच तास गाडीत बसवणार होतात.

सोलकढी:
विजयदुर्ग सुंदर आहे, पण तो तारकर्लीच्या मुक्कामातून करायचा नाही. त्याला देवगडला एक रात्र द्यायची. त्या बाजूला जायचंच असेल तर आचऱ्यापर्यंत जा, रामेश्वराच्या देवळात बसा आणि परत. आचऱ्याची गावपळण माहितीये ना? काही वर्षांनी एकदा देवाचा कौल होतो आणि अख्खं गाव गुराढोरांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातं. थोरल्याला हे सांगून बघ, अभ्यासाला पळण लावेल.

काजूगर:
त्याच बाजूला मसुरे, आणि मसुऱ्याला आंगणेवाडी. भराडी देवीची जत्रा फेब्रुवारीच्या आसपासच असते, तिला ठरलेली तिथी नाही, कौल लावून तारीख निघते. ती तुमच्या दिवसांत येतेय का बघून घ्या. आली तर त्या दिवशी मालवणच्या रस्त्याला लागू नका. गाड्या, एसट्या, चालणारी माणसं. जत्रेलाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण ती निवांत सहल नव्हे.

वेंगुर्लेकर_परदेशात:
माझ्या गावाला कुणी विचारत नाही म्हणून लिहितो. वेंगुर्ल्याला या. बंदरावरचं दीपगृह, डच वखारीचे पडके अवशेष, आणि फळ संशोधन केंद्र. काजूच्या 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' या जाती तिथल्याच. झाडाला टांगलेला लाल-पिवळा काजू मुलांना दाखवा. शहरातल्या पोरांना वाटतं काजू पाकिटात उगवतो. पुढे आरवलीचा वेतोबा. त्याला नवस म्हणून चामड्याच्या भल्यामोठ्या चपला आणि केळीचे घड वाहतात. देव रात्री गावभर फिरतो म्हणून चपला झिजतात, असं आम्ही लहानपणी मानायचो. अजून मानतो.

शिरोड्याला १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला होता, मिठागरं अजून आहेत. पण तिथून पुढे रेडीचा द्विभुज गणपती आणि तेरेखोल नको. तेवढ्यात दिवस संपतो.

भटक्या_सह्याद्री:
तेरेखोल खाडीच्या अलीकडे असूनही गोव्यात आहे, हे तरी बघायला जावं ना?

निवांतराव:
रेषा आहे ती. दिसत नाही. घरी बसून समजून घेता येते.

सुरंगी:
उशिरा येतेय. दोन गोष्टी सुटल्यात. पहिली, येण्या-जाण्याचे दिवस. तुम्ही कुडाळला उतरणार आणि तिथूनच परतणार. कुडाळ-मालवण रस्त्यावर मधेच धामापूर आहे. सोळाव्या शतकातला, १५३० चा म्हणतात तो, तलाव आणि काठावर भगवतीचं देऊळ. देवळामागच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. पूर्वी लग्नकार्याला दागिने हवे असले की तलावाला फुलं वाहून मागायचे आणि परडीत सोन्याचे दागिने वर यायचे, कार्य झालं की परत करायचे. मग कुणीतरी परत केले नाहीत आणि देवीने देणं बंद केलं. २०२० साली या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान मिळालाय. परतीच्या दिवशी गाडी दुपारची असेल तर इथे सकाळ काढा. वेगळा दिवस कशाला खर्च करायचा?

दुसरी, पिंगुळी. कुडाळच्या अगदी जवळ. ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगणं), कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या. गंगावणे कुटुंबाने घराजवळ जुन्या गोठ्यात संग्रहालय मांडलंय. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आधी फोन करून जा, खेळ दाखवतात का ते विचारा. आमच्याकडे लेकीने हनुमानाच्या बाहुलीचा दोर धरला आणि पहिल्या दोन मिनिटांत हनुमानाचे हातपाय एकमेकांत असे गुंतले की दाखवणारे स्वतः हसत सुटले. दोर सोडवायचा कसा हेच मग तिने शिकून घेतलं.

रेवती_ठाणे:
पिंगुळी ऐकून माहीत होतं, कुडाळच्या इतक्या जवळ आहे हे नव्हतं. सावंतवाडीचं काय? सासऱ्यांना राजवाडा बघायचाय.

सुरंगी:
मग त्याच रस्त्याला पुढे सावंतवाडी. लांबचा एकच दिवस करायचा तर हाच करा. राजवाड्यात गंजिफाचे पत्ते रंगवताना बघायला मिळतात. दशावतारी गंजिफाच्या डावात १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे बारा-बारा. सासरे पत्ते खेळणारे असतील तर त्यांना बाहेर काढणं कठीण. मग चितारआळीत लाकडी खेळणी. केळी, फणस, आंबे, परंपरेने पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची. मोती तलावाच्या काठी बसून चहा, आणि परत. आंबोली नको, फेब्रुवारीत धबधबे कोरडे.

पुणे३०:
खेळण्यांत घासाघीस होते का?

सुरंगी:
करू नका हो. एकेक फळ हाताने रंगवतात.

नवखा_पोहणारा:
नणंदेला स्कूबा करायचं असेल तर? कुणी नीट सांगेल का?

सोलकढी:
सिंधुदुर्गाच्या आसपासच्या खडकांवर नेतात. फेब्रुवारीत पाणी बहुतेक बरं असतं. सर्दी असेल, कान दुखत असेल, दमा असेल तर नाही म्हणायचं आणि त्यांनी 'काही होत नाही' म्हटलं तरी नाहीच म्हणायचं. शिकून प्रमाणपत्र घ्यायचं असेल तर तारकर्लीला एमटीडीसीची (राज्याच्या पर्यटन महामंडळाची) प्रशिक्षण संस्था आहे. थोरल्याला वयामुळे घेतील का ते आधीच विचार, तिथे जाऊन रडारड नको. बाकीच्यांनी किनाऱ्यावर थांबू नये, फार वेळ जातो.

मालवणी_झील:
आणि एक. कुठल्याही गावात जत्रा असली आणि दशावतार असला तर जा. रात्री उशिरा सुरू होतो, पहाटेपर्यंत चालतो. आजोबांका सोबत घेवा, ते जागतत. तरणे झोपतत.

रेवती_ठाणे:
सगळ्यांचे आभार. घरात बैठक झाली, असं ठरलंय:
पोचण्याचा दिवस: कुठेही नाही.
अष्टमी: साडेदहाला सुनामी बेट, ते पण मुलं आणि आम्ही. ज्येष्ठ मंडळी किनाऱ्यावर. संध्याकाळी मालवणचा लिलाव.
नवमी: पहिल्या होडीने सिंधुदुर्ग, दोन रिक्षांनी. दुपारी काजूगराची उसळ (सांगून ठेवणार).
दशमी: मोठी गाडी. पिंगुळी, सावंतवाडी.
एकादशी: सकाळी भरतीला खाडीत होडी, बस्स. सासूबाईंचा उपास आहे, त्या म्हणाल्या बरं झालं, जेवणाची धावपळ नाही. नणंद स्कूबाला एकटी जाणार.
परतीला धामापूर.
वेंगुर्ले राहिलं. माफी असावी.

वेंगुर्लेकर_परदेशात:
नेहमीचंच आहे हो. मी लिहीत राहीन.

भटक्या_सह्याद्री:
एवढ्या वेळात मी गोवा करून आलो असतो.

काजूगर:
आणि तिथे काय पाहिलंस ते आम्हाला फोटो बघून सांगितलं असतंस.

पद्मजा:
एकादशीला होडी आठला असेल तर चिमुरड्याला काहीतरी खायला घालून न्या. आणि आदल्या दिवशी सावंतवाडीहून उशीर करू नका, सहाच्या आत निघा. रात्री त्या वळणांवर पोरं ओकतात.

हर्णै_दापोली:
धागा वर काढतोय. आम्ही मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तारकर्लीला जाणार आहोत. हेच नियोजन चालेल का?

मालवणी_झील:
शेवटचो आठवडो? होडयेचा काय खरा नाय. त्या सुमाराला समुद्र खवळायला लागतो, पाण्यातले खेळ बंद होतात आणि पावसाळाभर किल्ल्याच्या होड्याही सुटत नाहीत. जायचं तर महिन्याच्या सुरुवातीला जा, म्हणजे हापूसही मिळेल. तारीख बदलता येत नसेल तर पिंगुळी, सावंतवाडी, धामापूर धरा आणि निघण्याआधी जेटीवर फोन करून विचारा. रापण तेव्हा बघायला मिळणार नाही. फणस मात्र पोटभर.